पाळणाघराच्या फीत सरकारचा वाटा हवा : महिला व बालविकास मंत्री आणि मुंबईच्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. महापौर आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना सांभाळण्याच्या खर्चात शासनाने वाटा उचलण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी भांडुपला राहते आणि अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते. माझा नवरा एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, त्याला पाळ्या असतात. आमची मुलगी अजून दोन वर्षांची झालेली नाही. ती दिवसभर ज्या पाळणाघरात असते, तिथली फी या जूनपासून ९,५०० वरून ११,००० रुपये झाली. माझ्या हातात येणारा पगार ३१,००० आहे. म्हणजे मी नोकरी करू शकावी एवढ्यासाठीच माझ्या पगारातला एक तृतीयांशाहून जास्त भाग जातो. रेल्वेचा पास, शेअर रिक्षा आणि लोकल रखडली की द्यावे लागणारे जादा तासाचे पैसे वेगळे.

फी वाढली त्याच सुमारास माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीने राजीनामा दिला. तिला दोन मुले आहेत. दोघांची फी भरून जे उरत होते, तेवढ्यासाठी दिवसाचे बारा तास मुलांना दुसऱ्याकडे ठेवायचे का, यावर तिच्या घरी रोज वाद होत होता. जीएसटीची विवरणपत्रे डोळे झाकून भरणारी, ऑडिटच्या दिवसांत सगळे ज्याच्यावर अवलंबून असत असे माणूस घरी बसले. राजीनाम्यात तिने ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहिले. हे कारण वैयक्तिक नाही. मुंबईत घराघरात तेच कारण आहे आणि त्यावर सरकारने काही करायचे असते, ही गोष्टच आपल्याकडे कुणी धरून चालत नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहे.

आधी एक स्पष्ट करते. माझी तक्रार पाळणाघर चालवणाऱ्या मावशींविरुद्ध अजिबात नाही. फी वाढवताना त्यांनी आम्हा पालकांसमोर वही उघडून ठेवली होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचे भाडे अकरा महिन्यांचा करार संपला की वाढते. सोसायटी देखभालीचे पैसे घरगुती दराने घेत नाही. तीन मदतनीस बायका आहेत, त्यांना किमान जगण्यापुरता पगार द्यावाच लागतो. दूध, नाश्ता, दोन वेळचे खाणे, गॅस, वीज, सॅनिटायझर, मुलांचे अंथरूण धुणे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एक वर्षाच्या आतली तीन-चार बाळे असली की त्यांच्यासाठी एक बाई पूर्ण वेळ लागते. ती बाई त्याच वेळी मोठ्या मुलांकडे बघू शकत नाही, स्वयंपाक करू शकत नाही. या कामात यंत्र आणून खर्च वाचवता येत नाही. फी कमी करायची तर बाई कमी करावी लागते, आणि बाई कमी केली की एखादे मूल रडत राहते, कुणी पलंगावरून पडते, कुणाला ताप आलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही.

म्हणजे मावशी फी कमी करू शकत नाहीत आणि आम्ही जास्त देऊ शकत नाही. या दोघांच्या मध्ये जी रक्कम उरते ती तिसऱ्या कुणीतरी घालायला हवी. ती सरकारने घालावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे याच शहरात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडले गेले आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणूनच या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, पण भार मालकावर गेला. तिथपासून आजपर्यंतचे कायदे पाहिले तर हा खर्च एकतर मालकाचा, नाहीतर आईबापांचा. सरकारचे नाव त्यात क्वचितच येते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी : मुलाच्या वयातली काही वर्षे तुमच्या कोणत्याच योजनेत बसत नाहीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. ती मला मिळाली आणि तिचे मोल मी जाणते. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. अंगणवाडीत मुलाला बसवून शिकवायला सुरुवात होते ती तिसऱ्या वर्षी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद होते, लसीकरण होते, घरपोच आहार मिळतो. आमच्या भागातल्या अंगणवाडीताई हे सगळे चोख करतात. पण त्या माझ्या मुलीला दिवसभर सांभाळू शकत नाहीत, कारण त्यांचे काम तसे आखलेलेच नाही. मग सहा महिने ते तीन वर्षे या काळात मूल कुणाकडे असते, असे सरकारला वाटते? आजीकडे, हे उत्तर मुंबईत फार थोड्या घरांना लागू पडते. माझ्या सासूबाई संगमेश्वरला असतात, सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना तिथून हलता येत नाही. माझी आई अजून स्वतः नोकरी करते. आणि जिथे आजी आहे तिथे दहा बाय पंधराच्या खोलीत साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईवर रांगते मूल सोपवणे हाही काही न्याय नव्हे.

तीन वर्षांनंतरही प्रश्न मिटत नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या, त्यांनी कुपोषणाशी झुंज दिली, हे मान्य. पण अंगणवाडी काही तासच भरते. दुपारी मुलाला घरी आणायला कुणीतरी लागते. नोकरी करणाऱ्या आईच्या दृष्टीने काही तासांची सोय ही सोय नसते.

दुसरी तक्रार कायद्याबद्दल. त्याच २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याचा हक्क दिला. मी आमच्या कार्यालयात विचारले. उत्तर आले की, या कार्यालयाच्या पटावर पन्नास माणसे नाहीत. सुरक्षारक्षक, सफाई, डेटा एंट्री, कुरियर यांतली निम्मी माणसे कंत्राटदाराची आहेत, ती मोजत नाहीत. दुसरी शाखा दुसऱ्या उपनगरात, तीही वेगळी मोजतात. बरे, ५० च्या खालचे दुकान, दवाखाना, सीएचे ऑफिस, कारखान्याचा गाळा इथे काम करणारीने काय करायचे? मुंबईत अशाच जागी बायका जास्त आहेत.

हा कायदा धाब्यावर का बसतो, याचे कारण मला माझ्या कामामुळे जवळून दिसते. सगळा खर्च मालकावर टाकला की त्याच्या लेखी तरुण स्त्री म्हणजे वाढीव खर्च होते. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार’ असे विचारले जाते ते त्यामुळे. बाळंतरजेच्या बाबतीत निदान महिना २१,००० पर्यंत वेतन असलेल्यांसाठी राज्य कामगार विमा महामंडळ रजेचा पगार देते, तिथे भार वाटला जातो. पाळणाघराच्या बाबतीत असा कोणताही निधी नाही. जुन्या कायद्यांतही हेच झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर. स्त्रियांची संख्या कमी दाखवली किंवा कमी ठेवली की जबाबदारी संपली. आज आपल्या शहरात जिकडे पाहावे तिकडे टॉवर उभे राहत आहेत. तिथे रेती-विटांच्या ढिगावर मुले खेळताना आपण सगळेच पाहतो. बांधकामांवर १९७२ पासून मुंबईत मोबाइल क्रेशेससारख्या संस्थेने पाळणाघरे चालवून दाखवली. संस्थांनी वाट दाखवायची असते, ती रुंद करणे सरकारचे काम होते.

तिसरी तक्रार ‘पाळणा’ योजनेच्या वेळांबद्दल. केंद्राच्या मिशन शक्तीखाली ही योजना आहे, खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, देशभरात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचे उद्दिष्ट आहे. कल्पना योग्य आहे, मी तिचे मनापासून स्वागत करते. पण केंद्र चालायचे दिवसाला साडेसात तास. भांडुपहून अंधेरीला जाणारी बाई पावणेनऊला घर सोडते. ड्युटी नऊ तासांची. घाटकोपरला मेट्रो सोडून पुन्हा लोकल पकडून ती परत येते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. विरार, कल्याण, पनवेलहून येणाऱ्यांचे विचारूच नका. मुंबईत साडेसात तासांचे पाळणाघर म्हणजे अर्ध्या दिवसाचे पाळणाघर. शिवाय या योजनेच्या निकषांत पाळणासेविकेला महिना ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन धरले आहे. दुसऱ्याची लेकरे सांभाळणाऱ्या बाईने या पैशात स्वतःचे लेकरू कुठे ठेवायचे? एवढ्या कमी पैशात मुंबईत चांगली माणसे टिकणार नाहीत, हे सांगायला समिती नको.

इथे मला आमच्या इमारतीत पाच घरी काम करणाऱ्या ताईंबद्दल सांगायचे आहे, कारण माझ्याकडे निदान अकरा हजार भरण्याची कशीबशी ऐपत आहे. त्यांच्या धाकट्या मुलाला त्यांची मोठी मुलगी सांभाळते. ती पाचवीत आहे. आई सकाळच्या कामांना बाहेर पडते तेव्हा शाळेची वेळ असते, म्हणून आठवड्यातून कितीतरी दिवस तिची शाळा बुडते. शाळेतल्या बाई रागावतात, ती खाली मान घालून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भावाला कडेवर घेऊन बसते. पाळणाघर नसण्याचा खर्च ही मुलगी भरते आहे. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

आणि घरातल्या वाटणीबद्दल बोलायचे तर, केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या संगोपनाचे काम करतात असे आढळले, पुरुष २१.४ टक्के. त्या कामाला स्त्रिया दिवसाला १४० मिनिटे देतात, पुरुष ७४. माझा नवरा त्या २१ टक्क्यांत आहे. मुलीला सकाळी सांभाळता यावे म्हणून तो रात्रपाळी मागून घेतो. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसाचीही पितृत्व रजा नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची आहे. मुलाचा खर्च आणि मूल हा केवळ आईचा विषय, असे धरून योजना आखू नका, ही विनंती.

चौथी तक्रार मी जपून लिहिते, कारण तिचा गैर अर्थ काढला जाऊ शकतो. राज्य सरकार स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी पैसे खर्च करते. लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, लेक लाडकी योजनेत मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार मिळतात, एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० मिळतात. या योजना चालू राहाव्यात. पण दीड हजारात पाळणाघराचा आठवडाही निघत नाही. शासनाने स्वतःच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती योग्यच आहे. मूल लहान असताना आईला हात लागतो हे म्हणजे शासनाला पटलेले आहे. मग मंत्रालयातल्या बाईला जे लागते ते मंत्रालयासमोरच्या खासगी ऑफिसातल्या बाईला का लागू नये?

२०२४ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या अनेक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक उच्च शिक्षणाची फी शासनाने पूर्ण माफ केली. फार मोठा निर्णय होता तो. पण ती मुलगी इंजिनीअर होते, फार्मसिस्ट होते, नोकरीला लागते आणि तिशीत पहिल्या बाळानंतर घरी बसते. तिच्या शिक्षणावर जनतेचा पैसा घालायचा आणि पाळणाघराच्या फीपाशी तिचा हात सोडायचा, हे मला पटत नाही.

सुरक्षिततेबद्दल एकच सांगते. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता, नियमावलीची चर्चा झाली होती. आजही मी पाळणाघर निवडले ते ओळखीच्या बाईच्या भरवशावर.

आयकराचेही तेच. जुन्या करप्रणालीत शाळेची, अगदी प्लेस्कूलची शिक्षण फीसुद्धा ८०-सी खाली वजावटीला धरली जात आली, पाळणाघराची नाही. हा विषय केंद्राचा आहे, पण राज्याने शिफारस करायला काय हरकत आहे?

हे कुठेच झालेले नाही असेही नाही. शेजारच्या कर्नाटकाने मजूर बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाने पाळणाघरे काढली. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर फीची पाळणाघरे सुरू केली, बाकीचे पैसे सरकार घालते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना शाळेच्या सत्रात आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने सांभाळले जाते. आणि आपल्याच देशातल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये, १२,००० पर्यंत मिळकत असलेल्यांना १०० आणि त्यावरच्यांना २०० अशी फी ठरवलेली होती. उत्पन्नाप्रमाणे फी आणि उरलेला भार सरकारचा, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. पाळणाघर अनुदान सुरू करा. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या फीचा निम्मा भाग, महिना ५,००० रुपयांच्या मर्यादेत, राज्याने द्यावा. उत्पन्नाची मर्यादा मुलींच्या फीमाफीसारखीच ८ लाख ठेवा. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, ॲपवर काम करणाऱ्या पालकांकडे पगाराची स्लिप नसते, त्यांचे स्वयंघोषणापत्र चालवा. एकट्या आईला किंवा एकट्या बापाला पूर्ण फी द्या.

२. मुंबईच्या प्रत्येक प्रभागात महापालिकेचे एक पाळणाघर, सकाळी आठ ते रात्री नऊ. पालिका शाळांच्या वापरात नसलेल्या खोल्या, समाजकल्याण केंद्रे आणि २०३४ च्या विकास आराखड्यातली आधार केंद्रांची (म्हणजे केअर सेंटरची, आधार कार्डाची नव्हे) आरक्षणे यासाठी वापरा. रुग्णालयांच्या जवळ एखादे रात्रीचेही हवे, परिचारिका आणि प्रयोगशाळेतली माणसे रात्री काम करतात.

३. सेविका आणि मदतनिसांना मानधन नको, किमान वेतन, सुट्टी आणि प्रशिक्षण द्या.

४. ५० कर्मचारी मोजताना कंत्राटी माणसे धरा. लहान आस्थापनांना एकत्र येऊन पाळणाघर चालवता येईल अशी तरतूद करा आणि त्यांच्या खर्चातला काही भाग शासनाने भरावा. कोणत्या आस्थापनेने पाळणाघर दिले आणि कोणी नाही, याची यादी कामगार विभागाने दर वर्षी जाहीर करावी.

५. खासगी पाळणाघरांची नोंदणी आणि तपासणी सुरू करा, पण घरगुती पाळणाघरे बंद पडतील अशा अटी घालू नका. त्यांना सुरक्षेच्या सोयींसाठी पैसे द्या, सोसायट्यांना त्यांच्याकडून जादा आकार घेण्यास मनाई करा.

पैसा कुठून येणार, असे विचाराल. मी हिशेबनीस आहे, म्हणून एक आकडेमोड करून ठेवली आहे. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. प्रत्येक पाळणाघरात २५ मुले धरली तर ५,६७५ मुले होतात. पूर्ण दिवसाचा, बायकांना नीट पगार देऊनचा खर्च मुलामागे महिना १०,००० धरला, तर वर्षाला ६८ कोटी १० लाख लागतील. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. हजार रुपयांमागे एक रुपयाही होत नाही. ५,६७५ मुले म्हणजे मुंबईच्या गरजेच्या मानाने फार थोडी, हे मला माहीत आहे. पण सुरुवात होऊ शकते आणि पैसा नाही म्हणून ती अडलेली नाही.

मंत्रिमहोदय, पुढच्या अर्थसंकल्पात ‘पाळणाघर अनुदान’ हे लेखाशीर्ष असेल की नाही, हे अधिवेशनात सभागृहासमोर सांगा. नगरसेवक-नगरसेविकांनो, आपल्या प्रभागातली कोणती जागा पाळणाघरासाठी देता येईल, ते प्रभाग समितीच्या बैठकीत मांडून लोकांना कळवा. आमच्या पाळणाघरातले पालक जागा शोधायला, मुलांची यादी करायला, वेळा ठरवायला तुमच्यासोबत बसायला तयार आहेत. रविवारची बैठक ठेवा, आम्ही मुलांना घेऊनच येऊ.

आपली,
भांडुपची एक नोकरदार आई